१० बाय १० च्या खोलीत मिक्सिंग करायचंय? मग आधी मोजायची टेप घ्या, मॉनिटर नंतर

दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी मेसेज टाकतंच, "दादा पंधरा हजारात मिक्सिंगसाठी चांगले मॉनिटर सांग ना" (मिक्सिंग म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं, आणि मॉनिटर म्हणजे आवाज जसा आहे तसा दाखवणारे स्पीकर), आणि मी दरवेळी उलटा विचारतो की खोली केवढी आहे, टेबल भिंतीला चिकटून आहे का, छत किती उंच आहे, आणि समोरच्याला वाटतं हा काय आता इंटिरियरची कामं घ्यायला लागला की काय. पण खरंच सांगतो, मॉडेलचं नाव ही यातली सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. हे मला फुकट नाही कळलेलं, चांगले पैसे घालवून कळलंय.

झालं असं की मी सुरुवातीला कॉम्प्युटरच्या २.१ स्पीकरवर मिक्स करायचो, ज्याच्या खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ लिहिलेलं असतं ना तसले. (पीएमपीओ हा आकडा विसरून जा, त्याला काही अर्थ नाही, आरएमएस बघायचं, म्हणजे स्पीकर सलग देऊ शकतो ती खरी ताकद.) मग जरा पैसे जमले तसं वाटलं आता एकदम मोठंच घेऊ, म्हणून ८ इंची वूफरची (वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा कोन) जोडी उचलली आणि आमच्या फ्लॅटच्या आतल्या बेडरूममध्ये ठेवली. खोली १० बाय १०, छत साडेनऊ फूट. गणपतीच्या आधी एका मंडळाचं गाणं मिक्स केलं, ढोलकी, दोन हलग्या, बेस गिटार, कोरस असं सगळं. घरी ऐकताना बेस कमीच वाटत होता म्हणून वाढवला, परत वाढवला. आणि मंडळाच्या स्पीकरवर जेव्हा लागलं तेव्हा गायक काय म्हणतोय ते कोणालाच कळेना, नुसता घूं घूं घूं. कार्यकर्ता माझ्याकडे वळून म्हणाला, "गाणं पाण्याखाली रेकॉर्ड केलं का हो?"

मला वाटलं स्पीकर खराब. स्पीकर ठणठणीत होते, खोलीने गंडवलं होतं.

गणित सोपं आहे, घाबरू नका. आवाज साधारण सेकंदाला ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक लाट अडकते, तिची फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये) म्हणजे ३४३ भागिले लांबीची दुप्पट. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणजे ३४३ भागिले ६.१, उत्तर आलं ५६ हर्ट्झ. आता माझी खोली लांबीलाही १० आणि रुंदीलाही १०, म्हणजे दोन्हीकडून तोच ५६, आणि साडेनऊ फूट छताचा येतो ५९, म्हणजे तिघं एकाच ठिकाणी येऊन बसले. चौकोनी डब्यासारखी खोली सगळ्यात वाईट ती यामुळे. वरून, या लाटेचा दाब भिंतीपाशी जास्तीत जास्त असतो आणि बरोब्बर मधोमध जवळपास शून्य. आणि मी खुर्ची कुठे टाकली होती? खोलीच्या अगदी मध्यावर! बेस गिटारची ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झवर वाजते, म्हणजे बेसवाला ए वाजवायचा आणि मला तो ऐकूच यायचा नाही, मी आपला वाढवत बसायचो.

हे तुम्ही आजच करून बघा, खर्च शून्य. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, फोन स्पीकरला जोडा, तुमच्या खोलीची फ्रीक्वेन्सी काढा आणि तेवढीच वाजवत ठेवून खोलीत फिरा. (फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर नका वाजवू, त्यात एवढा खालचा आवाज येतच नाही.) कोपऱ्यात कान नेला की छाती दणाणते आणि खोलीच्या मध्यावर आलं की कोणीतरी आवाज बंद केल्यासारखं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दोनदा जाऊन बघितलं की स्पीकर बंद तर नाही ना पडला.

तर मग यावरून घ्यायचं काय? १० बाय १० किंवा १० बाय १२ ची खोली असेल तर ५ इंची वूफर पुरे, त्याहून मोठा घेऊ नका. ८ इंची स्पीकर ४०च्या खालपर्यंत जाणार, आणि तिथे तुमची खोली त्या आवाजाचा नुसता चिखल करणार, म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घ्यायचा. ५ इंचीवर खालचं थोडं कमी ऐकू येईल पण जे येईल ते बऱ्यापैकी खरं येईल. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, ती ५ इंचीवर मुळातून नाही ऐकू येत, पण तिचा वरचा सूर ८२ ला असतो तो स्वच्छ येतो आणि कान त्यावरून बाकीचं समजून घेतो. सगळ्यात खालचं हेडफोनवर तपासायचं, त्याबद्दल खाली सांगतो.

स्पेसिफिकेशन वाचताना एक खोड लक्षात ठेवा. "४५ हर्ट्झ ते २२ किलोहर्ट्झ" असं लिहिलेलं असतं पण पुढे मायनस १० डीबी (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) लिहिलंय की प्लस-मायनस ३ डीबी ते बघा. मायनस १० म्हणजे त्या टोकाला आवाज इतका पडलेला असतो की कानाला तो निम्मा वाटतो, म्हणजे आहे म्हणायला आहे. यामाहाचा एचएस५ बघा, कंपनी ५४ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ सांगते आणि ते मायनस १० डीबीवर आहे हे सोबत छापते, हा प्रामाणिकपणा झाला. जिथे डीबीचा उल्लेखच नाही तिथे तो आकडा नसल्यासारखा समजा.

बजेटचं बोलू. भाव वरखाली होत असतात म्हणून ढोबळ सांगतो.

दहा हजारांच्या आत असाल तर माझं मत कटू आहे: मॉनिटर घेऊच नका, चांगला हेडफोन घ्या. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बाजारात आहे आणि जगभरच्या स्टुडिओत आजही दिसतो, किंवा ऑडिओ टेक्निकाचा एम४०एक्स बघा. खोलीची भानगडच नाही, रात्री दोनला मिक्स करा, शेजारचे काका बेल वाजवणार नाहीत. फक्त हेडफोनवर डावं-उजवं फारच लांब वाटतं आणि रिव्हर्बचा (आवाज घुमण्याचा) अंदाज चुकतो, त्यामुळे पॅनिंग (कुठला आवाज डावीकडे, कुठला उजवीकडे) नेहमीपेक्षा जरा हात राखून करा.

दहा ते पंधरात साडेतीन-चार इंची जोड्या मिळतात, प्रीसोनसचा एरिस ३.५ वगैरे. अभ्यासाच्या टेबलावर मावतात, गळा आणि मिड्स (मधल्या पट्टीचे सूर) कळायला बरे, खाली ८० च्या आसपास हात टेकतात. पॉडकास्ट, व्हॉइसओव्हर, अभंग-भावगीताची साधी साथ असेल तर काम होतं. ढोलकी-डग्ग्याचा घुमारा किंवा डीजेचा किक यावर ठरवायला जाल तर फसाल.

खरी गंमत पंचवीस-तीस हजार आणि थोडं वर इथे सुरू होते. इथे यामाहा एचएस५, जेबीएल ३०५पी मार्क टू, केआरके रॉकिट ५, अ‍ॅडम टी५व्ही, अशी नावं येतात आणि लोक नेटवर तासन्‌तास भांडतात की कुठला भारी. खरं सांगू का, यातला कुठलाही घ्या. यामाहा जरा कोरडा, मिड्स पुढे आणून दाखवतो, त्यामुळे आवाजातला नाकाडेपणा लगेच पकडता येतो. जेबीएलमध्ये ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) भोवती जो खोलगट आकार आहे त्यामुळे तुम्ही खुर्चीत थोडे इकडेतिकडे सरकलात तरी आवाज फारसा बदलत नाही. अ‍ॅडमला रिबनसारख्या जातीचा ट्वीटर आहे, वरचं टोक फार बारीक ऐकू येतं, झांजा-चिपळ्या करणाऱ्यांनी जरूर ऐकावा. केआरकेचा पोर्ट पुढे आहे, बाकी तिघांचा मागे. पोर्ट म्हणजे ते भोक ज्यातून बेसची हवा बाहेर येते, आणि मागे पोर्ट असेल तर स्पीकर भिंतीला टेकवायचा नाही, निदान वीतभर जागा सोडायची. टेबल भिंतीलाच लावायचं असेल आणि पर्याय नसेल तर पुढचा पोर्ट बरा. अमेरिकेतल्या काली ऑडिओचा एलपी-६ पण पुढच्या पोर्टचा आहे, त्याच्या मागे तर छोट्या स्विचांसोबत चित्रंच काढून दिलीयत की स्पीकर टेबलावर असेल तर असं, भिंतीजवळ असेल तर तसं. फक्त तो साडेसहा इंची, त्यामुळे खोली १० बाय १२ च्या वर असली तरच.

ऑनलाइन भाव बघताना एक मोठी चूक होते. बरेच मॉनिटर एकेक विकले जातात! दाखवलेला भाव एका नगाचा आहे की जोडीचा हे तीनदा वाचा. माझ्या ओळखीच्या एका पोराने "ऑफर ऑफर" करत खुशीने मागवला आणि खोक्यातून एकच निघाला, पुढचे दोन महिने तो मोनोमध्ये मिक्स करत होता. (तसे त्याचे ते दोन महिन्यांचे मिक्स चांगले आहेत, पण ते वेगळं.)

दुकानात ऐकायला मिळत असेल तर जरूर जा, पण स्वतःची गाणी पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि एमपीथ्री नको, वेव्ह फाइल न्या. मी चार नेतो: एक नुसता गळा आणि तानपुरा, एक ढोलकीचं ज्यात शाईचा आणि चाटीचा आवाज वेगवेगळा कळतो, एक खच्चून भरलेलं कोरसवालं, आणि एक माझाच फसलेला मिक्स. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. ज्या स्पीकरवर तुमचा फसलेला मिक्स गोड वाटेल तो स्पीकर घेऊ नका, आपल्याला चुका दाखवणारा माणूस हवाय, वाहवा करणारा नको. आणि दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या, कारण जो थोडा मोठ्याने वाजतो तो कानाला नेहमी भारी वाटतो आणि दुकानदाराला हे तुमच्याआधीपासून माहीत असतं. मग एखादं मोनो गाणं (दोन्ही बाजूंना एकच आवाज) लावा, गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका टिंबासारखा उभा राहिला पाहिजे. पसरला किंवा एका बाजूला सरकला तर जोडीत काहीतरी गडबड आहे नाहीतर तुम्ही मध्ये बसलेला नाही.

यावरून आठवलं, यामाहाचाच एनएस-१० नावाचा जुना स्पीकर, पांढरा कोन असलेला, १९७८ मध्ये घरी गाणी ऐकायला म्हणून काढला होता आणि त्या बाजारात तो काही चालला नाही, बेस बारीक, मिड्स अंगावर येणारे. पण इंजिनियर लोकांच्या लक्षात आलं की यावर जे चांगलं वाटतं ते कुठेही चांगलं वाटतं, आणि पुढची वीसेक वर्षं तो मोठमोठ्या स्टुडिओत कन्सोलवर बसून होता. ट्वीटर बोचतो म्हणून लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे! २००१ मध्ये बंद झाला. एचएस मालिकेचा पांढरा कोन त्याचीच आठवण, पण आवाज तसाच आहे असं समजून घेऊ नका.

आता ठेवायचे कसे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तीस हजारांचा स्पीकर चुकीचा ठेवला की पंधराचा होतो.

खोली लांबट असेल तर लांबीच्या दिशेने तोंड करून बसा, म्हणजे पाठीमागची भिंत लांब राहील. डावीकडची आणि उजवीकडची भिंत तुमच्यापासून सारख्या अंतरावर हवी, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असं असेल तर निदान दार तरी लावून घ्या. कान खोलीच्या मध्यावर नको, समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आणा, १० फुटात ते पावणेचार-चार फूट होतं. हे काही वेदवाक्य नाही, तिथून सुरुवात करून अर्धा फूट पुढेमागे सरकून ऐका. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण, प्रत्येक बाजू साधारण तीन-साडेतीन फूट, टेपने मोजा, डोळ्याने नको. ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबल ठेंगणं असेल तर स्पीकर खालून वर थोडा तिरका करा.

भिंतीपासून किती लांब, हा प्रश्न सगळे विचारतात. स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीला आपटून परत येतो आणि एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला मूळ आवाजाला खाऊन टाकतो. ती काढायची तर ३४३ भागिले स्पीकरच्या तोंडापासून भिंतीच्या अंतराची चौपट. ३ फुटांवर असेल तर ९४ हर्ट्झला खड्डा पडतो, बेस गिटारच्या पोटातच. २ फुटांवर १४० च्या आसपास. म्हणून छोट्या खोलीत "भिंतीपासून लांब ठेवा" हा सल्ला अर्धवट आहे, तीन फूट पुढे आणून तुम्ही खड्डा नको तिथे आणून ठेवता. त्यापेक्षा भिंतीजवळ, पोर्टपुरती वीतभर जागा सोडून ठेवा, तोंड भिंतीपासून सव्वा-दीड फुटावर येतं, खड्डा २०० च्या आसपास सरकतो आणि तिथे त्याला मागे जाड पॅनल लावून बुजवता येतं. भिंतीजवळ बेस फुगतो, त्यासाठी स्पीकरच्या मागे स्विच असतो, एचएस५ वर रूम कंट्रोल नावाचा, मायनस २ किंवा मायनस ४ करा. बहुतेक लोक तो स्विच आयुष्यात कधी हलवत नाहीत.

टेबल पोकळ प्लायचं असेल तर ते पण वाजतं. फोमचे पॅड मिळतात, नाहीतर शहाबादी फरशीचा तुकडा कापून आणा, त्याखाली जुन्या योगा मॅटची दोन पदरी घडी, दोन-तीनशेत काम होतं आणि माझं आजही त्यावरच चाललंय. मग खालून वर हळूहळू सरकणारा टोन वाजवा आणि खोलीत काय काय थरथरतं ते शोधा. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी १२० च्या आसपास अशी काही बझ करायची की मी आठवडाभर एका पखवाजाच्या ट्रॅकमधला आवाज साफ करत होतो, जो ट्रॅकमध्ये नव्हताच. पुठ्ठ्याची घडी खोचली, संपलं.

अंड्याचे ट्रे लावू नका. प्लीज. त्याने काहीही होत नाही, झुरळं सोडून. पातळ फोमच्या पिरॅमिड टाइल्स पण फक्त वरचा आवाज खातात, बेस तसाच राहतो आणि खोली गुदमरल्यासारखी वाटते. मॉनिटरच्या बजेटमधले चार-पाच हजार बाजूला काढा आणि रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) आणा, ४८ किंवा ६० डेन्सिटीचे स्लॅब, ४ इंच जाडी होईल असे. सुताराकडून साधी चौकट, वरून सुती कापड. हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. दोन पॅनल बाजूच्या भिंतींवर, आणि जागा शोधायला आरसा वापरा: तुम्ही खुर्चीत बसा, कोणालातरी भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे पॅनल. उरलेले कोपऱ्यात. तेवढेही पैसे नसतील तर घरातली कापसाची जाड गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करा, दिसायला भयाण पण फरक पडतो. आईला आधी विचारा.

केबलचं थोडक्यात. ऑडिओ इंटरफेसमधून (लॅपटॉप आणि स्पीकरच्या मधला आवाजाचा डबा) बॅलन्स्ड केबल, म्हणजे टीआरएस ते टीआरएस किंवा टीआरएस ते एक्सएलआर (ही कनेक्टरची नावं), दोन नग. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वाय केबल लावून तक्रार करू नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कनेक्टर आणि वायर घेऊन स्वतः सोल्डर केलंत तर बऱ्यापैकी पैसे वाचतात. घूं आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, थांबला तर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी घरघर) आहे, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. काही लोक प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगतात, तसलं काही करू नका, शॉक बसेल. घरात अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, जुन्या चाळीत आणि वाड्यात तर नक्कीच. आणि कोणी अमेरिकेहून स्पीकर आणत असेल तर तिकडे १२० व्होल्ट आहे, मागे व्होल्टेजचा स्विच आहे का आणि तो २३० वर केलाय का ते प्लग लावायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

सेकंड हॅन्ड घ्यायला माझी काही हरकत नाही. टॉर्च घेऊन जा. कोनच्या भोवतीच्या रबराला चीर आहे का, ट्वीटर लहान पोराने बोटाने आत दाबलाय का, आणि कोकणातून किंवा समुद्राजवळून आलेला असेल तर मागच्या जॅकवर हिरवट गंज आहे का. मग कमी आवाजात खालचा टोन, खर्र असं घासल्यासारखं वाजलं तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) गेलीय, नमस्कार करून निघा. काहीच न वाजवता कान ट्वीटरला लावा, हलकी हिस्स स्वस्त मॉनिटरला असतेच, तीन फुटांवरून ऐकू आली तरच सोडा.

आणल्यावर पहिला आठवडा मिक्स करू नका, नुसती गाणी ऐका, जी तुम्हाला पाठ आहेत ती. पिंक नॉइज (सगळ्या फ्रीक्वेन्सी असलेला सळसळ आवाज) लावून फोनच्या साउंड लेव्हल अ‍ॅपवर खुर्चीच्या जागी ७२-७५ डीबी येईल तिथे इंटरफेसच्या नॉबला एक टिकली चिकटवा आणि रोज तिथेच मिक्स करा. कमी आवाजात कानाला बेस कमी आणि मोठ्या आवाजात जास्त वाटतो, फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय, त्यामुळे नॉब रोज हलत राहिला तर बेसचा निर्णय रोज वेगळा येणार. पंखा बंद करून बसावं लागतं, एप्रिलमध्ये हाल होतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. शेवटी हेडफोनवर खालचं तपासा, मग फोनवर लावा, फोनच्या स्पीकरला दोन-अडीचशेच्या खाली जवळपास काहीच नसतं, तिथे बेसलाइन गायब झाली तर तिला वरचे सूर कमी पडतायत.

आणि चालू-बंद करायचा क्रम: आधी लॅपटॉप आणि इंटरफेस, मॉनिटर सगळ्यात शेवटी. बंद करताना मॉनिटर सगळ्यात आधी. उलटं केलं की धप्प आवाज येतो, आणि तो रोजचा धप्प ट्वीटरला महागात पडतो. लाइट गेली तर परत यायच्या आत मॉनिटरचे स्विच पाडून ठेवा.